थेल्मा ब्लूरनं उलटी केलेली ताटं

आमच्या अल्मा गल्लीत असं म्हणतात, की थेल्मा ब्लूरनं स्वतःच्या लेकीच्या लग्नात विहीणबाईंच्या डोक्यात ताट घातलं.

कोपऱ्यावरच्या मेचिनबाई हे सांगायच्या आधी दाराबाहेर दोन्ही बाजूंना बघतात, हनुवटी गळ्यात रुतवतात आणि मग अशी कुजबुजतात की पार चर्चच्या पायरीवर ऐकू जावं. "ताट कुटलं गं, सुपाचं भांडं! भरल्यालं! अकरा टाकं पडलं त्या लेडीला. म्या डोळ्यानं बगितलं असतं, पर मला बलावनं नव्हतं." माझे बाबा म्हणतात, टाके सात. पबमधले म्हातारे तर तिला तीन ताटं फेकायला लावतात, आणि दर ग्लासामागे ताट वीतभर मोठं होतं. मी या सगळ्यांचे आवाज काढून दाखवते आणि लोक पोट धरून हसतात. मीही हसायचे.

थेल्मामावशी गेल्या हिवाळ्यात वारली. अफवेला आता रान मोकळं आहे. म्हणून एकदाच नीट सांगते : तिनं ताट फेकलं नाही. ताट उलटं केलं.

लाँगटन हे आमचं इंग्लंडातलं चिनीमातीच्या भांड्यांचं गाव, आणि इथलं माणूस कुठंही जेवायला बसलं की आधी ताट उलटं करतं. मागचा शिक्का बघितल्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरत नाही. कुठल्या कारखान्याचं, केव्हाचं, पहिल्या प्रतीचं की डागी. माझी आजी ऑपरेशननंतर शुद्धीवर आली, तेव्हा तिनं पहिल्यांदा चहाची बशी उलटी केली आणि "शी" म्हणून परत झोपली. मी सहा वर्षांची असताना पाद्रीबाबांचा कप उलटा करून बघितला होता. त्यात चहा होता, हे ध्यानात राहिलं नाही. पाद्रीबाबा ओरडले नाहीत. मांडी पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "मग? कुनाचा निगाला?" तेही इथलेच.

मावशीला तर ताट उलटं करण्याचा दुप्पट हक्क होता. पंधराव्या वर्षी ती कारखान्यात लागली, ती काठावर सोन्याची रेघ ओढायला. डाव्या हातानं चाक फिरवायचं, उजव्या हातात कुंचला धरायचा. "कुंचला हलवायचा न्हाई," ती सांगायची. "कपच येतो फिरून. आपन गप ऱ्हायाचं." भट्टीत जाण्याआधी ते सोनं काकवीसारखं तपकिरी दिसतं. रेघ जिथून सुटली तिथंच येऊन मिळायला हवी, आणि जोड दिसता कामा नये. काम झालं की तळाला आपली खूण करायची. प्रत्येकीची वेगळी. मावशीची होती तीन टिपकी, त्रिकोणात, मुंगीच्या डोळ्याएवढी.

राजघराण्यात लग्न ठरलं की आमच्या गावाला काम लागायचं. तिकडं अंगठी, इकडं भट्टी : त्या लग्नाच्या आठवणीचे चहाचे मग. साठ साली राजकन्येनं एका फोटोवाल्याशी लग्न केलं, ते मावशीच्या हातचं पहिलं. त्र्याहत्तरमध्ये दुसऱ्या राजकन्येचं, कॅप्टनशी. मग एक्याऐंशीचं ते जगभर गाजलेलं, मग शहाऐंशीचं. चारही लग्नांचे मग तिच्या कुंचल्याखालून गेले आणि चारही लग्नं मोडली. यावरही मेचिनबाईंकडे एक कथा आहे. ती मी सांगत नाही. तेच मग बाकीच्या पोरींनीही रंगवले होते. त्यांना कुणी काही म्हणत नाही.

तिच्या स्वयंपाकघरात खिडकीवरच्या फळीवर हे आणि पुढच्या लग्नांचे मग ओळीनं होते. मगावर दोन चेहरे असतात, एका बाजूला घरचा, दुसऱ्या बाजूला लग्न करून त्या घरात आलेला. मावशीनं सगळे मग असे फिरवून ठेवले होते की राजाराणीची पोरं भिंतीकडे तोंड करून, आणि बाहेरून आलेली माणसं आपल्याकडे बघत. फोटोवाला, कॅप्टन, आणि त्या लाजऱ्या मुली.

"घरच्यास्नी काय बगायचं?" ती म्हणायची. "ती घरचीच हायती. भायेरनं आल्यालं बगावं. त्येला तितं बगाया कोन नसतं."

टीव्हीवर जुनी लग्नं दाखवायचे, तेव्हा अख्खी गल्ली झग्याची शेपूट किती फूट यावर भांडायची. मावशी नवरीची आई शोधायची. "थांब, थांब, ती बग. टोपीवाली. कशी हसतीया, दात मोजून." मग जरा वेळानं : "आज वाजतगाजत न्हेत्यात. सा म्हैन्यानं ही पोर फोन करंल, तवा आयलाच इचारावं लागंल, कोन बोलतंय म्हनून."

ती हे कुणाबद्दल बोलते हे मला फार उशिरा कळलं.

तिला एकच मुलगी, ग्लेनिस. बाप छातीच्या दुखण्यानं लवकर गेला, तेव्हा दोघीच होत्या. ग्लेनिस हुशार. स्टॅफर्डच्या एका लिलाववाल्याकडे टायपिस्ट लागली, आणि तिथं जुनं कपाट विकायला आलेल्या ॲस्टरली घराण्यातल्या धाकट्या मुलाच्या मनात भरली. त्यांचा वाडा पलीकडच्या परगण्यात, दाराशी दगडी सिंह, घराण्यात पदवी. लग्न ठरलं एक्याऐंशीच्या सप्टेंबरात. जुलैतल्या त्या मोठ्या लग्नाच्या मगांवर रेघा ओढून मावशीचं मनगट सुजलं होतं. त्यावर पट्टी बांधून, पट्टी झाकायला लांब हातमोजे विकत घेऊन ती लेकीच्या लग्नाला गेली.

पुढचं मला तिनं स्वतः सांगितलं, आणि एकदाच.

जेवणाला लांब टेबल होतं. विहीणबाई म्हणजे लेडी ॲस्टरली. त्यांनी पाहुण्यांना सांगितलं की ही ताटं नेहमी निघत नाहीत. आमच्या पणजोबांनी त्या काळच्या राजकन्येची सेवा केली होती, तिनं स्वतःच्या लग्नानंतर त्यांना हा संच भेट दिला. घरातलं लग्न असलं तरच तो कपाटातून बाहेर येतो. लोकांनी 'वा वा' केलं. आणि मावशीनं, लाँगटनची ना ती, रिकामं ताट उचललं आणि उलटं केलं.

तळाला तीन टिपकी. त्रिकोणात.

अडुसष्ट साली कारखान्यात एक काम आलं होतं. कुणाच्या तरी जुन्या संचातली फुटलेली ताटं, त्यांची हुबेहूब नक्कल करून द्यायची. कुणाच्या ते पोरींना सांगत नसत. मावशीनं त्यावर दोन आठवडे मान मोडून काम केलं होतं. आणि आज तीच ताटं तिच्या लेकीच्या लग्नात मांडलेली! तिला वाटलं, देवानंच योग जुळवून आणला. ती उभी राहिली.

"ग्लेन! अगं ए ग्लेन! ही तर माझी! तुज्या आयनं केल्याली!"

लेडी ॲस्टरली म्हणाल्या (मावशी हा आवाज स्वतः काढायची, आणि माझ्याहून चांगला काढायची), "आपला काहीतरी गैरसमज होतोय, मिसेस ब्लूर."

मावशीला वाटलं, बाईंना खरंच पटत नाही. दाखवायला हवं. "न्हाई ओ, ह्ये बगा की, तीन टिपकी," म्हणत तिनं शेजारच्याचं ताट उलटं केलं. मग पलीकडच्याचं. मग स्वतः विहीणबाईंचं. चारही तिची. चार ताटांच्या पाठी वर करून ती आनंदानं सगळ्यांकडे बघत होती आणि टेबलावर कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

ग्लेनिस उठून आली. तिनं आईच्या हातमोज्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, कृपा करून बस. आता पुरे."

"त्या दिवसापातुर ती मला 'आय' म्हनायची," मावशी मला म्हणाली. "ए आय, भूक लागली. ए आय, माजा मोजा कुटं हाय. आन् तितं म्हनली 'आई'. म्या मागं वळून बगितलं, दुसऱ्या कुनाला म्हनली का काय."

भांडण झालं नाही. टाके पडले नाहीत. सूप सगळं भांड्यातच राहिलं. मावशीला कुणी कधी घालवून दिलं नाही, फक्त परत बोलावलं नाही. नाताळला कार्ड यायचं, त्यावर घराण्याचं नाव सोन्याच्या अक्षरात. ते ती नखानं खरवडून बघायची. "मशिनीचं." नातू झाला तेव्हा फोटो आला. नव्या वर्षाला फोन यायचा, साधारण एक अंडं उकडेपर्यंत चालायचा. सदतीस वर्षं.

यात माझं नाक कुठून आलं? मी शेजारची. आमची भिंत एक, आणि मावशी भिंतीवर लाटणं आपटून मला बोलवायची. "मैने, ये गं, मेचिनीन करून दाव." मी मेचिनबाई करायचे, पबमधले म्हातारे करायचे, राणीचं नाताळचं भाषण करायचे. ती डोळे पुसायची आणि म्हणायची, "तुज्या तोंडात गल्ली ऱ्हाती की गं." पण 'विहीणबाईच्या डोक्यात ताट' हे तिच्यापुढे कधी केलं नव्हतं. दोन हजार अठराच्या वसंतात एकदा चुकून करून बसले. ती हसली नाही. तिनं केटल ठेवली आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं.

तेव्हाच हेही सांगितलं, की एक जूनपासून ती वृद्धाश्रमात राहायला जाणार आहे. डोळे गेले होते. गॅसच्या जाळाची निळी कडा दिसत नव्हती तिला. घर विकायला काढलं होतं. आश्रमातल्या खोलीत फळी हातभर. लग्नांचे मग अकरा.

"ग्लेननं एकदा यावं," ती म्हणाली. "ह्या खुर्चीत बसावं. घर जायच्या आदी. बाकी काय न्हाई."

"मग बोलव की!"

"कशाला बलवू? वाड्यातनं उठून माज्या वट्ट्यावर?"

पण निमित्त आयतंच चालून आलं होतं. मे महिन्यात विंडसरला राजपुत्राचं लग्न होतं, आणि अल्मा गल्लीत टेबलं मांडून जेवणावळ ठरली होती. मी म्हटलं, "मावशी, कागदी ताटं आहेत. उलटं करायला काही नाहीच. तिला कसली भीती?"

यावर ती इतकी हसली की मला फोन लावून द्यायला लावला. पलीकडे फोनच्या यंत्रावर निरोप ठेवला. चार दिवसांनी उलट निरोप आला. मी तो तीनदा ऐकला, कारण असा आवाज आमच्या गावात मिळत नाही. शब्दाशब्दाला इस्त्री, फक्त 'र' म्हणताना जीभ जरा 'ल'कडे घसरायची.

"आई, ग्लेनिस बोलते आहे. निरोप मिळाला. किती छान कल्पना. एकोणीस तारखेला आमच्याकडेही गावकऱ्यांसाठी थोडं काही योजलं आहे, पण आम्ही नक्की प्रयत्न करू. बरं तर. काळजी घे."

"येणार!" मी म्हटलं. "नक्की म्हणाली."

"'नक्की प्रयत्न' म्हनली. मोठ्या घरात ह्ये दोन शब्द जोडीनं आलं की समजायचं, न्हाई."

"लाव पैज."

"काय लावतीस?"

"ती आली तर एक्याऐंशीचा मग माझा."

तिनं फळीकडे बघितलं, म्हणजे फळी जिथं आहे हे तिला पाठ होतं तिथं. "बरं. आन् न्हाई आली तर तू ग्लेनचा आवाज काडायचा."

मी लगेच इस्त्रीचा काढून दाखवला. 'किती छान कल्पना.'

"त्यो नव्हं," ती म्हणाली. "जुना."

"मी तो ऐकलाच नाही गं."

"म्या ऐकलाय. म्या शिकवीन." आणि तिनं पंजा पुढे केला. आम्ही हात मिळवला.

एकोणीस मेला कडक ऊन पडलं. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबलं, वर लाल-पांढऱ्या-निळ्या पताका. ओटची धिरडी, आत चीज आणि बेकन, आणि मेचिनबाईंचा कोंबडीचा पिवळा सारण-पाव, ज्याची तारीफ केली नाही तर वर्षभर ऐकावं लागतं. बाबांनी टीव्ही आमच्या खिडकीत बाहेर तोंड करून बसवला होता. मावशी निळा झगा घालून बसली. शेजारच्या खुर्चीवर तिनं आपला स्वेटर टाकला, जागा धरायला. तिच्या पुढ्यात कागदी ताट आलं, तेही तिनं उलटं करून बोटानं चाचपलं.

"अगं मावशी!"

"सवंच झालीया गं," ती म्हणाली.

पडद्यावर गाड्या आल्या, टोप्या आल्या. आणि चर्चमधल्या बाकावर नवरीची आई दिसली. परदेशातून आलेली, फिकट हिरव्या कोटातली. शेजारी तिचं असं कुणीच नाही.

"अगं बया, येकटीच!" मेचिनबाई ओरडल्या.

"काय झालं? कोन येकटी?" मावशीनं माझा दंड धरला.

"नवरीची आई. एकटीच बसलीय."

"हसतीया का?"

मी नीट बघितलं. "हसत नाहीये. डोळे भरलेत. पण मान ताठ आहे."

"टोपी?"

"हिरवी. एका बाजूला कललेली."

मावशीनं माझा दंड सोडला. मग हळूच म्हणाली, "फुडं बशिवली ना? मग झालं." आणि स्वेटरवरची सुरकुती हातानं सारखी केली.

पाऊण वाजता गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली. गडद हिरवी, लांबलचक. मेचिनबाई खुर्चीवर चढल्या. "आली गं, आली! थेल्मे, आली तुजी!" सगळ्या गल्लीनं माना वळवल्या. मी पळत गेले. पळताना माझ्या मनात मग होता, खोटं कशाला बोलू.

गाडीतून ड्रायव्हर उतरला. मागचं दार उघडून त्यानं एक वेताची टोपली काढली, झाकण आणि फीत असलेली. मी आत डोकावले. मागची सीट रिकामी होती.

चिठ्ठी मीच वाचली. 'प्रिय आई, मनापासून इच्छा होती. इथला कार्यक्रम सोडून निघणं शक्य झालं नाही. तुझ्या आवडीचं काही पाठवते आहे. ग्लेनिस.' टोपलीत मुरंबा होता, बिस्किटं होती, आणि सगळ्यात वर मऊ कागदात गुंडाळलेला या लग्नाचा मग. काठाला सोनेरी रेघ.

मावशीनं तो दोन्ही हातांत घेतला. बोट काठावरून एकदा पूर्ण फिरवलं, जोड शोधत. जोड नव्हता, यंत्राला जोड नसतो. मग तिनं मग उलटा केला आणि माझ्यापुढे धरला.

"काय लिवलंय?"

मला वाचायचं नव्हतं. आजूबाजूला दहा-बारा जण उभे होते, सगळे लाँगटनचे. सगळ्यांच्या माना तळाकडे वाकल्या होत्या.

"चीनमध्ये बनवलेला," मी म्हटलं.

  मेचिनबाई खुर्चीवरून खाली उतरल्या आणि उगाच ताटं गोळा करायला लागल्या.

"उलटा करून बगितला न्हाई तिनं," मावशी म्हणाली. रागानं नाही. एखाद्याचं वय विचारावं आणि ते आपल्या अंदाजापेक्षा फार जास्त निघावं, तसं. "घेताना बगितला न्हाई. माजी पोर, आन् मग उलटा न करता घेतला."

इतकी वर्षं तिला वाटत होतं की मुलगी ताटांची लाज बाळगून आहे. लाज असती तर तिनं मग उलटा केला असता. ग्लेनिसला ते आठवलंच नव्हतं.

तिनं मग टोपलीत ठेवला, झाकण लावलं, आणि शेजारच्या खुर्चीवरचा स्वेटर उचलून अंगात घातला. एवढ्या उन्हात. "चल घरी," मला म्हणाली. "पैज."

"आत्ता नको ना मावशी."

"हारलीस ना? मग."

स्वयंपाकघरात ती तिच्या खुर्चीत बसली, समोरची खुर्ची ओढून ठेवली, आणि मला शिकवायला लागली. मी म्हटलं, "ए आय." ती म्हणाली, "नाकातनं नगं. छातीतनं." परत म्हटलं. "हां, पर घाई पायजे. साळंतनं पळत आलीया. धाप लागलीया. आन् कायतरी मागायचंय, पर आदी आय हाय का बगतीया." मी तिचाच आवाज घेतला, त्यातली साठ वर्षं काढून टाकली, आणि निरोपातल्या त्या बाईची जीभ त्यात घातली. इस्त्रीखालीही 'र'च्या जागचा तो बोबडा 'ल' राहिला होता, तेवढा तिला घालवता आला नव्हता. मावशीनं मान वर केली.

"आता भायेर जा," ती म्हणाली. "मागल्या दारानं. तितनंच यायची."

मी मागच्या अंगणात गेले. पलीकडे गल्लीत टीव्हीवर बँड वाजत होता, आणि नवं जोडपं बग्गीतून चाललंय म्हणून लोक ओरडत होते. मी दार ढकललं.

"ए आय! हायस का घलात?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं.

"हाय गं. पाय पूस."

मी पाय पुसले.